ओहोळाच्या वरच्या अंगाला

वोर्नित्झ नदीला उतार असा नाहीच. डॅन्यूबला मिळेपर्यंत ती कुरणांमधून वळणं घेत इतकी रेंगाळते, की पाण्यात पडलेली फांदी कुठल्या बाजूला चाललीय हे थांबून पाहावं लागतं. त्यामुळे उन्हाळ्यात तिचं पाणी पोहण्याजोगं कोमट असतं. आणि त्यामुळेच तिच्यात शिरलेली घाण लवकर पुढे सरकत नाही.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी ओहोळाकाठी गाई पाळणाऱ्या एर्नाने शेण-मूत्राचा पातळ काला टाकीत चढवणारा पंप लावला आणि ती गोठ्यात धावली. गाय अडली होती. वासरू ओढून काढेपर्यंत टाकी भरून वाहिली, काला ओहोळात उतरला आणि ओहोळातून नदीत. एर्नाने पंप बंद केला, अंगण धुतलं. ‘थोडंसंच गेलं असेल,’ असं तिने स्वतःला बजावलं. संध्याकाळी विजांचा पाऊस कोसळला आणि ओहोळही धुऊन निघाला.

सकाळी पोहायच्या जागेशी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. गावाचं बोट लगेच वेन्झेलकडे वळलं. गावाचं सांडपाणी साफ करणारं केंद्र तो सांभाळायचा. पावसात ते तुंबलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर बोहेमियातून हाकलून दिलेल्या जर्मनांपैकी तो; केस पिकेपर्यंत इथे राहूनही उपराच.

“काय वेन्झेल, झोप छान लागली ना पावसात?” बेकरीत लोक विचारायचे.

तपासनिसांनी नमुने नेले, पण ठाम काही निघालं नाही.

वेन्झेल एर्नाकडे दूध न्यायला यायचा. एकदा किटली भरून घेताना तो म्हणाला, “एर्नाबाई, या गावात तुम्हीच काय त्या मला टोमणा मारत नाही.”

एर्नाने किटलीचं झाकण दाबून बसवलं. “जा आता, दूध नासेल,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्यानंतर तिला जेवण गोड लागेना. मासेमारी मंडळाची बैठक खानावळीत भरली, तेव्हा ती न बोलावता गेली. तिचा दीर ओटमार मंडळाचा अध्यक्ष.

“भावोजी, मासे माझ्यामुळे मेले,” ती उभ्यानेच म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

ओटमारने खुर्ची पुढे सरकवली. “बस, वहिनी. गाय अडल्यावर माणूस काय पंप बघत बसेल? होतं असं. हिला बिअर द्या रे कुणीतरी!”

कुणीतरी पाठीवर थोपटलं. कुणी वासराची चौकशी केली.

“आणि वेन्झेल?” एर्नाने विचारलं.

“त्याचं काय?” ओटमार म्हणाला. “त्याला आम्ही मारलं थोडंच!”

बिअर तशीच टाकून ती वेन्झेलच्या दारी गेली. त्याने दाराची चौकट धरून सगळं ऐकून घेतलं.

“त्यांना सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

एर्नाला खोटं बोलवेना. “‘होतं असं’ म्हणाले.”

तो हसला, पण त्या हसण्यात राग होता. “मला कुणी असं म्हणालं नाही हो,” तो म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

हिवाळ्यात एर्नाने टाकीभोवती पक्का बांध घातला. वसंतात मंडळाने नदीत माशांची पिल्लं सोडली, त्यांचे पैसे तिने भरले. लोकांनी तिचं कौतुक केलं. वेन्झेल आता शेजारच्या गावातून दूध आणायचा. तिच्या फाटकासमोरून सायकलवर जाताना तो मान वळवायचा नाही, आणि त्याला हाक मारायचं धाडस तिला झालं नाही.