हत्ती पाण्यावर राहावा म्हणून

मित्रांनो, मी एक जुनी केटलबेल आहे. बारा किलोंचा लोखंडी गोळा आणि त्यावर धरायला जाड कडी, एवढाच माझा देह. पण माझा जीव जमिनीवर कधी रमला नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानाही मी मनातल्या मनात कुणाच्या तरी डोक्याच्या वर आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर साचा फोडला, माझ्या कडा कानशीने घासल्या आणि मला काळा रंग दिला. तिथून मी एका शाळेच्या व्यायामशाळेत आले. पहिली दोन वर्षं माझी चंगळ होती. मुलं मला उचलायला रांग लावायची. मग रबर चढवलेली रंगीत भावंडं आली आणि माझी रवानगी दाराशी झाली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तब्बल नऊ वर्षं मी ते अडवून धरलं! येणारा-जाणारा माझ्यावर ठेचकाळायचा आणि वर मलाच बोल लावायचा. मी आतल्या आत नुसती धुमसत होते.

एके दिवशी तिथल्या व्यायामशिक्षिकेने मला पिशवीत घालून आपल्या नणंदेकडे नेलं. ही नणंद बाहुल्यांचे खेळ करते. वय अठ्ठेचाळीस. पडद्यामागे उभी राहून ती काठीवरच्या बाहुल्या डोक्यावर धरते आणि नाचवते. तिचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा दादा, शेजारी बसून सगळ्यांचे आवाज काढतो. त्यांचा हत्ती चार किलोंचा आहे. शेवटच्या प्रवेशात तो सगळ्या प्राण्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडतो; पडद्याची वरची कड हेच नदीचं पाणी. तेव्हा पाच मिनिटं तिला तो एका हातावर उंच धरावा लागतो, कारण दुसऱ्या हातात सोंडेची काठी असते.

मी त्या घरी जाण्याच्या आदल्या आठवड्यात भर खेळात तिचा हात खाली आला होता. हत्ती कानांपर्यंत बुडाला. पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने "हत्ती बुडाला!" म्हणून जे भोकाड पसरलं, ते काही केल्या थांबेना. दादाने दुसऱ्याच दिवशी लाकडी स्टँड बनवायला घेतला.

"आता वय झालं आपलं, मान्य कर," रंधा मारता मारता तो म्हणाला. "हत्ती यावर ठेवू."

"स्टँडवर ठेवलेला हत्ती डुलत नाही, दादा. ते नुसतं चित्र होतं. मला तीन महिने दे. हंगामाच्या पहिल्या खेळात हात खाली आला, तर लाव तुझा स्टँड."

"कायमचा?"

"कायमचा," ती म्हणाली.

वहिनी, म्हणजे मला आणणाऱ्या व्यायामशिक्षिका, शाळेच्या स्पर्धांसाठी महिनाभर बाहेरगावी गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या होत्या, की मी येईपर्यंत हिला फक्त जमिनीवरून उचल आणि ठेव. पण ती माझ्याइतकीच उतावळी निघाली. पहिल्याच संध्याकाळी तिने मला खांद्याशी आणलं आणि सगळा जोर लावून वर ढकललं. मी कानापर्यंत गेले आणि अडकले. मग हा रोजचाच उद्योग झाला. हात थरथरू लागला तरी ती थांबायची नाही. ढकलताना मान मागे टाकून माझ्याकडे बघायची, कमरेतून मागे वाकायची आणि सवयीने दादा म्हणतो ती हत्तीची वाक्यंही पुटपुटायची. मित्रांनो, मी तिला मनातून आणखी चिथावत होते. नऊ वर्षांनी वर जायला मिळत होतं, मला तिच्या खांद्याची काय पडली होती? तिसऱ्या आठवड्यात तिला केस विंचरायला हात वर नेता येईना. त्याची मला अजून लाज वाटते.

वहिनी परतल्या. आधी त्यांनी तिला डॉक्टरांकडे पिटाळलं आणि दोन आठवडे मला पलंगाखाली सरकवलं. मग खांदा बरा झाल्यावर त्यांनी तिला उचलून दाखवायला सांगितलं.

"नणंदबाई, छतावर काय हत्ती बसलाय?"

"म्हणजे?"

"अगं, वर काय बघतेस? तीस वर्षं पडद्यामागे वर बघत उभी राहिलीस, तेच इथे करतेस. समोर बघ. गोळा तुझ्याच हातात आहे, पळून जात नाही. पोट घट्ट कर. आणि बोलू नकोस! बोलतेस तेवढा दम उगाच जातो."

त्यांनी आठ किलोंची एक धाकटी केटलबेल आणली. मला काय चीड आली म्हणून सांगू! आता माझ्या नाकासमोर ती टिकलीएवढी कार्टी वर जायची. एकदा, दोनदा, तीनदा. मग दुसरा हात. पुन्हा एकदा, दोनदा, तीनदा. अजून जमतंय तोवरच थांबायचं, असा वहिनींचा दंडक होता. आणि एक दिवस उचललं की दुसऱ्या दिवशी सुट्टी. ती सुट्टी तिला आणि मला दोघींनाही सोसत नसे. ती घरभर येरझाऱ्या घालायची, माझ्यावरची धूळ पुसायची, कडीला हात लावून काढून घ्यायची. पलीकडून स्टँड घासणाऱ्या दादाच्या पॉलिश पेपरचा आवाज यायचा.

दहाव्या आठवड्यात तिने मला उचललं, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि तोंडातून अवाक्षर न काढता वर नेलं. कोपर सरळ झालं. मी तिच्या डोक्याच्या वर स्थिर उभी होते. तिला पुन्हा लगेच उचलायचं होतं, पण तिने मला हळूच खाली ठेवलं.

हंगामाचा पहिला खेळ आला. पडदा हलू नये म्हणून त्याचं टोक दाबायला मला नेलं. पुन्हा तेच काम! पण तिथून मला सगळं दिसत होतं. दादाने स्टँड गुडघ्यांपाशी तयार ठेवला होता. हत्ती नदीत उतरला. एक मिनिट, दोन, तीन. ती वर बघत नव्हती. तिची नजर पडद्याच्या कापडावर होती आणि हत्ती वर छान डुलत होता. दादा तिच्याकडे बघत राहिला, बघत राहिला आणि स्वतःचं वाक्यच विसरला.

सगळं थांबलं. हत्ती नदीच्या मधोमध, आणि आवाज नाही. तिने पायाने दादाला डिवचलं. त्याचे डोळे भरले होते. तिचा दंड कापू लागला. आता आला खाली, मी म्हटलं. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक बारीक आवाज आला.

"हत्ती बुडत नाहीये काही. तो दम खातोय!"

तिने एक लांब श्वास सोडला. हत्ती तिथेच उभा राहिला, दादाला आवाज सापडेपर्यंत. मग तो नदीपार झाला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी दार अडवून बसलं असेल, तर त्याचा गंज पुसा आणि त्याला वर न्या. आणि न्याल तेव्हा मधूनमधून खालीही ठेवा. दादाच्या स्टँडवर हल्ली ओले टॉवेल वाळतात. उद्या आमची सुट्टी आहे. मी गप्प पडून राहीन म्हणते, पण काही खरं नाही.