थेंबेकाकांची फटफटी

फटफटी टेकडी चढून परत आली, तर पुतणीचा फायदा उघड होता. टेकडीपलीकडच्या वस्तीत घरोघर फिरणाऱ्या नर्सची जागा निघाली होती आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, सोमवारी जी स्वतःच्या वाहनावर येईल तिला जागा. नाही तर आहेच वॉर्डातली रात्रपाळी आणि हेडसिस्टरचं तोंड. काकांचा फायदा मात्र जरा निरखून बघावा लागे. रविवार संध्याकाळपर्यंत एकदा तरी न थांबता टेकडीवर जाऊन आली तर फटफटी पुतणीची, नाही तर भंगारवाल्याची आणि पैसे काकांचे, असा शब्द त्यांनी दिला होता. ती थांबणार याची खात्री होती म्हणूनच दिला होता. हरायची भीती नसेल, तर काकांइतका उदार माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

गल्लीत त्यांना थेंबेकाका म्हणत. गळक्या नळाखाली वाटी ठेवणारे पुष्कळ असतात. काका वाटीतलं पाणी उडू नये म्हणून वर बशी झाकत.

फटफटीचा रोग चमत्कारिक होता. पहिल्याच लाथेला सुरू व्हायची, ऐटीत निघायची आणि छापखान्याच्या वळणावर घुसमटल्यासारखी आचके देत थांबायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालायची, पुन्हा थांबायची.

"कार्बोरेटर," गॅरेजवाला उस्ताद दर खेपेला म्हणे. "घशात कचरा अडकलाय, ताई."

तो आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकावे, पेट्रोल आहे ना बघे, मग कार्बोरेटर सोडवून जेट फुंके, फ्लोट हलवून बघे. जोडल्यावर गाडी झकास सुरू होई. उस्ताद हात पुसत विजयी हसे आणि गाडी छापखान्यापर्यंत जाऊन त्याला तोंडावर पाडे.

रविवारी सकाळी अंगणात तेच झालं. फटफटी वळणावरून ढकलत परत आणली होती. पुतणीचा घाम, काकांचं हसू आणि उस्तादाचा पाना, तिन्ही बाहेर निघाले होते. भंगारवाला फाटकाशी हातगाडी लावून उभा होता.

"काल काठोकाठ टाकी भरली मी," पुतणी म्हणाली.

"म्हणून जड झाली असेल," काका म्हणाले. "पोरी, म्हाताऱ्या बैलाला उगाच टोचू नये."

"मग म्हाताऱ्याला काय करावं, भंगारात द्यावं?" काकू दारातून म्हणाली. "लक्षात ठेवते हो!"

उस्तादाचा हात सवयीने टाकीच्या झाकणाकडे गेला.

"थांबा उस्ताद, आज झाकणाला हात नको. आधी खालची नळी काढा," पुतणी म्हणाली.

उस्तादाने कार्बोरेटर सोडवून बाजूला ठेवला, पुतणीने टाकीची नळी बाटलीत धरली आणि कॉक उघडला. पेट्रोलची धार लागली. मग बारीक झाली. मग थेंब. मग तोही नाही.

"बघा, चोंदलंय!" उस्ताद म्हणाला.

"काय चोंदलंय? कार्बोरेटर तर इकडे पडलाय."

उस्तादाने त्या कार्बोरेटरकडे असं बघितलं, जणू त्यानेच साक्ष फिरवली होती.

पुतणी त्या थांबलेल्या नळीकडे बघत राहिली. हे तिने शंभरदा पाहिलं होतं. उलटी टांगलेली सलाइनची काचेची बाटली. नवशिकी मुलगी बुचात हवेची सुई टोचायला विसरते, थेंब थांबतात, आणि ती बिचारी रोग्याच्या शिरेला दोष देत बसते. बाटलीत हवा शिरली नाही तर पाणी उतरणार कसं?

नळी बाटलीतच ठेवून तिने टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीने मोठा श्वास ओढला आणि खाली पेट्रोलची धार जोरात सुरू झाली.

तिने झाकण उलटं केलं. मधोमध, जिथे हवेचं भोक असायला हवं, तिथे करड्या मसाल्याचा घट्ट गोळा होता. नळाची गळती बुजवतात, तोच.

"काका, हे काय?"

"ते मी केलंय," काका अभिमानाने म्हणाले. "झाकणाला चक्क भोक ठेवलं होतं शहाण्यांनी! पेट्रोल उडून जात होतं रात्रंदिवस. एक थेंब जात नाही आता."

"बाहेर जात नाही, आणि खालीही उतरत नाही."

काकू पदर तोंडाला लावून आत गेली ती दाभण घेऊनच आली. पुतणीने गोळा खरवडून काढला, भोकातून आरपार उजेड बघितला आणि कार्बोरेटर जोडून घेतला.

छापखान्याच्या वळणावर तिने श्वास रोखला. फटफटीने रोखला नाही. चढणीवर ती घुमत राहिली, माथ्यावरचं दवाखान्याचं फाटक आलं, मागे पडलं. उतारावर पुतणी एकटीच हसत होती आणि कारण नसताना हॉर्न वाजवत होती. गल्लीत शिरली तेव्हा भंगारवाल्यानेच पहिली टाळी वाजवली.

काका फाटकात उभे होते. "शब्द म्हणजे शब्द. गाडी तुझी," ते म्हणाले. मग राहवेना. "पण टाकीतलं पेट्रोल..."

"मी भरलंय, काका."

"बरं. पण तो मसाला माझा होता."

तिने करडे तुकडे गोळा करून त्यांच्या तळहातावर ठेवले.

शेवटी हिशेब असा झाला. भंगारवाल्याने रविवार खर्ची घातला, पण करमणूक फुकट मिळाली. उस्तादाने एक खात्रीचं गिऱ्हाईक गमावलं. पुतणीने एक टाकी पेट्रोल आणि पुष्कळ घाम दिला, आणि नोकरी घेतली. बाकी सगळं, म्हणजे अख्खी फटफटी, एकट्या थेंबेकाकांनी भरली. तीही पेट्रोलचे चार थेंब उडून जाऊ नयेत म्हणून.