सोळातले आठ

"दहापैकी किती दुखतंय, मामा?"

"आट."

मी कागदावर आठ लिहिले आणि रामहरी मामांच्या हातातले अर्ध्या किलोचे वजन काढून घेतले. श्रीरामपुरात स्टेशन रोडला माझे फिजिओथेरपीचे छोटे केंद्र आहे. नऊ वर्षांत असले चिवट दुखणे मी पाहिले नव्हते. पाच आठवडे झाले तरी माणूस आठाच्या खाली उतरायला तयार नाही.

मामा डाळिंबाच्या बागा छाटतात. हाताखाली बारा माणसांची टोळी. चाळीस वर्षे कात्री दाबून दाबून उजव्या कोपराची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, पार वैतागून गेली होती. ते तिला शीर म्हणायचे. मी तो शब्द दोनदा दुरुस्त करून पाहिला आणि नाद सोडला. आल्या दिवशीच त्यांनी मला बजावले होते, "ताई, जानेवारीत डाळिंबाची आंबे बहाराची छाटनी हाय, तवा हात पायजे. झाडांची पयली वळ म्होरक्यानंच छाटायची आसती. त्यालाच जमंना म्हनल्यावर टोळी कोनाकं बघनार? फुटंल की."

शेक, लेप, कुणा जाणत्याकडून चोळून घेणे, दोन महिने गळ्यात झोळी, सगळे करून झाले होते. आराम दिला की बरे वाटे, कात्री धरली की पुन्हा तेच. मी ऐटीत सांगितले, "हिला आराम नकोय मामा, काम हवंय. पण मापात. हात टेबलावर, तळवा खाली, वजन धरायचं आणि मनगट सावकाश खाली सोडायचं. दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल. वर गेलं तर वजन कमी करू."

पहिल्या दिवशी ते दहा म्हणाले. पहिल्या दिवशी सगळेच दहा म्हणतात, म्हणून मला काही वाटले नाही. मग नऊ, मग आठ. तिथे गाडी अडली. मी एक किलोवरून अर्ध्यावर आले, आणि आज रिकाम्या हातावर.

मामा उठून उभेच राहिले. "आसा मोकळा हात हालवून बाग छाटली जाती व्हय? निम्मंच तर दुखतंय!"

"निम्मं कुठे? आत्ता तुम्हीच आठ म्हणालात."

"मंग? आट आने म्हंजी निम्मंच की."

मी पेन खाली ठेवले. "तुम्ही आण्यांत सांगत होतात?"

"मंग कशात सांगनार? बाग बघितली की आमी सांगतो, आवंदा धा आने फळ हाय, बारा आने हाय. भरलं पीक सोळा आने. दुखनं बी तसंच." मग माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी हळूच विचारले, "म्हंजी तुमचं भरलं धाच व्हय?"

"हो, दहाच."

सोळात आठ म्हणजे नेमकी मी आखून दिलेली हद्द. माणूस बरोबर मापावर उभा होता आणि मी शहाणी त्याच्या हातातले वजन काढून घेत होते. मी माफी मागितली.

"आवो, व्हती गल्लत," मामा म्हणाले. "आता किती किलू धरू त्ये बोला."

त्यानंतर मीही आण्यांतच लिहू लागले. सात आणे, पाच आणे, चार. डिसेंबर सरता सरता मामा तीन किलो उचलत होते आणि मला आणेवारी शिकवत होते. पण वाया गेलेले आठवडे कुठून आणणार? हात भरवशाचा झाला होता, पुरता नव्हे. मी स्पष्ट सांगितले, "पहिल्या दिवशी वीस झाडं. एकविसावं नाही."

"टोळीम्होरं?"

"टोळीसमोर."

ते हो न म्हणताच चपला सरकवून निघून गेले. मला काळजी लागून राहिली, म्हणून छाटणीच्या पहिल्या सकाळी मी कोपरगावच्या अलीकडे आबासाहेबांच्या बागेत जाऊन उभी राहिले.

मामा पहिल्या ओळीत होते. कात्री कटाकट चालली होती, काटेरी फांद्या पायाशी पडत होत्या. टोळी मागोमाग येत होती. विसावे झाड झाले आणि मामा थांबले. ओळीत सात झाडे उरली होती.

बागेचे मालक आबासाहेब बांधावरून ओरडले, "मामा, वळ तेवडी पुरी करा की! हात तर झ्याक चाललाय."

हात खरेच चालला होता. खोटे कशाला बोलू, मलाही वाटले, सात झाडांनी काय होतंय.

मामांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "न्हाई, आबासाहेब. आज माजं एवडंच. उद्या तीस." त्यांनी कात्री मिटली, तिची कडी लावली आणि बांधावर जाऊन बसले. टोळी उभी आणि म्होरक्या बसलेला, असे चाळीस वर्षांत झाले नव्हते. कात्र्यांचा आवाज बंद पडला.

मग टोळीतली राजेश्वरी पुढे झाली आणि एकविसाव्या झाडापाशी उभी राहिली. तिने एक फांदी धरली, पण कात्री लावली नाही. मान वळवून तिने विचारले, "मामा, ही घिऊ?"

"ती ऱ्हाऊ दे," मामा बसल्या जागेवरून म्हणाले. "तिच्या बाजूची घे."