बाटलीतला साका

माझी वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. मशीनवर काच धरायची, कडा घासायची, फ्रेममध्ये बसवून बघायची, आणि केसाएवढी फट दिसली तरी पुन्हा बाहेर काढायची. वीस वर्षांत तिने बसवलेली काच कधी निसटलेली नाही. दुकानाचा मालक गिऱ्हाइकांना सांगतो, "बाईंच्या हातून गेलाय चष्मा, डोळे मिटून घाला!" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसतो.

त्या बाईचे हात कापायला लागले आणि आमच्या घरातलं हसणंच थांबलं.

त्याच्या आठ वर्षं आधी तिचे वडील गेले, तेव्हा तिची झोप उडाली. कुणीतरी रोजची एक गोळी लिहून दिली. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेली ती गोळी आठ वर्षं ठाण मांडून बसली. मग नव्या डॉक्टरीणबाईंनी ती सोडवायचं मनावर घेतलं. पण पहिल्याच दिवशी बोट रोखून म्हणाल्या, "एकदम बंद करायची नाही हं. शरीराला तिची सवय झालीय. झटक्यात तोडलीत तर फिटसुद्धा येऊ शकते. मी सांगेन तेवढीच, मी सांगेन तेव्हाच कमी करायची." आधी अर्धी, मग पाव. पावाच्याही खाली गेल्यावर गोळीचा नुसता भुगा व्हायला लागला. म्हणून त्यांनी पातळ औषध लिहून दिलं. कोपऱ्यावरचे औषधवाले काका ते दुकानातच तयार करायचे आणि दर पंधरा दिवसांनी नवी बाटली द्यायचे.

पहिले तीन महिने दादाने, म्हणजे माझ्या भावाने, तिला औषध दिलं. एका हाताने मोजे शोधत दुसऱ्या हाताने बाटली गदागदा हलवायची, सिरिंज भरायची आणि तिच्या तोंडात रिकामी करायची. वहिनी वैतागायची. "हा माणूस औषध देतोय की गाडीत पेट्रोल भरतोय?" पण सगळं सुरळीत चाललं होतं. मग दादाची पाळी बदलली, तो पहाटे कामावर जायला लागला, आणि वहिनी म्हणाली, "बरं झालं. आता माझं मी नीट घेईन."

त्यानंतरच सगळं बिनसलं. अंगाला दरदरून घाम, कानात सतत गुणगुण, खिडकीतून येणारा उजेड सहन होईना. भांडं पडलं तरी ती दचकून उभी राहायची. मग आठवडाभराने उलटंच व्हायचं. बसल्या जागी पेंगायची, दाराला धडकायची. एकदा बोलता बोलता माझ्या खांद्यावर झोपली. मालकाने तिला मशीनवरून उठवून काउंटरवर बसवलं. ती घरी येऊन ढसाढसा रडली.

"औषध तर तेवढंच आहे गं," ती मला म्हणायची. "रेघेवर रेघ जुळवून घेते मी. मग माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय का?"

मी रंगाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या तुकड्याशी रंग मिळवून द्यायचा, हेच माझं काम. औषधातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी त्या दिवशी सुट्टी टाकून मी दादाकडे गेले होते, दादाही कामावर गेला नव्हता, कारण अकरा वाजता डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं आणि तिथे सगळा निकालच लागणार होता. कमी करणं थांबवून वहिनीला पुन्हा पूर्ण गोळीवर नेतील, असं दादाला वाटत होतं. वहिनीला तर त्याहून भलतंच वाटत होतं.

"ओतून टाकते मोरीत," ती म्हणाली. "एकदाचं संपू दे."

"खबरदार!" दादा ओरडला. "फिटचं सांगितलंय ना त्यांनी?"

"मग काय जन्मभर असंच कापत बसू?"

"ए, भांडू नका," मी म्हटलं. "वहिनी, आजचं औषध घे आधी. मग निघू."

तिने कपाटातून बाटली काढली. तीन दिवसांपूर्वीच आणलेली, जवळजवळ भरलेली. मोजून दहा वेळा हलवली, टेबलावर ठेवली आणि टॉवेल घेऊन आंघोळीला निघाली.

"अगं, घेतलं कुठे?"

"थांब गं. हलवलं की फेस येतो. सिरिंजमध्ये बुडबुडे गेले तर माप चुकतं. वीस मिनिटं ठेवलं की फेस बसतो, मग बरोबर रेघेपर्यंत भरता येतं."

दार बंद झालं. मी बाटलीसमोर बसून राहिले. दोन मिनिटं, पाच मिनिटं. खिडकीतलं ऊन बाटलीवर पडलं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या दुधट औषधाच्या वरचा थर निवळायला लागला. आधी करंगळीच्या नखाएवढा, मग बोटभर. खाली पांढरं दाट होत चाललं.

हे मी रोज बघते! डबा ढवळून बाजूला ठेवला आणि चहा पिऊन आलं, की रंगाचा साका खाली आणि पाणी वर. त्या पाण्याने भिंत रंगवली तर ती कोरीच राहणार, आणि शेवटी तळातलं फासलं तर रंगाचे लपके पडणार.

"दादा! ती औषध कुठून भरते? वरून की खालून?"

"वरून. सिरिंज जराशीच बुडवते. का?"

"तिची वही आण. लवकर!"

वहिनी रोजचं सगळं लिहून ठेवायची. आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि नवी बाटली कधी फोडली ते दिवस शोधायला लागलो. तिने स्वतः घ्यायला लागल्यापासूनची पहिली बाटली: तिसऱ्या दिवशी घाम, चौथ्या दिवशी कानात आवाज, पाचव्या दिवशी कामावरून परत. बाराव्या दिवशी झोपच झोप. दुसरी बाटली: चौथ्या दिवशी घाम. तेराव्या दिवशी दाराला धडकली. तिसरी बाटली, पुन्हा तेच!

"वर नुसतं पाणी," मी जवळजवळ किंचाळले, "आणि औषध खाली साठत जातं! सुरुवातीला तिला मिळतच नाही, आणि शेवटी एकदम जास्त मिळतं!"

वहिनी ओल्या केसांनी बाहेर आली. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही! तू त्या बाटलीला हात लावू नकोस. चप्पल घाल!"

आम्ही तिघं अक्षरशः पळत सुटलो. वहिनीच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, दादाच्या हातात वही आणि माझ्या हातात ती बाटली, तान्हं बाळ धरावं तशी. औषधवाले काका नुकतंच दुकान उघडून झाडत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी झाडू ठेवला, चष्मा लावला आणि बाटली उजेडात धरली.

"बाई, तुम्ही हलवून ठेवून देता?"

"फेस बसावा म्हणून," वहिनी पुटपुटली. "वीस मिनिटं."

काकांनी कपाळावर हात मारला. "चूक माझी आहे. 'हलवून घ्या' असं चिठ्ठीवर छापलं आणि मोकळा झालो. हे औषध साखरेसारखं विरघळत नाही हो. गोळीची पूड असते ती, नुसती तरंगते. हलवायचं आणि लगेच, त्याच हाताने भरायचं. बुडबुडा आलाच तर सिरिंजला टिचकी मारून वर घालवायचा."

"म्हणजे मी इतकं काटेकोर मोजून..."

"तुम्ही काटेकोर पाणी प्यालात," काका म्हणाले, आणि वहिनी चक्क हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "म्हणजे माझ्या डोक्यात काही बिघडलेलं नाही ना?"

"डोक्यात नाही हो, बाटलीत. पण या बाटलीतलं आता घेऊ नका. वरचं कमी, खालचं जास्त, कशाचाच भरवसा नाही. डॉक्टरांना मी आत्ताच फोन करतो."

अकराची वेळ होती, पण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला साडेदहालाच आत घेतलं. वही त्यांनी दोनदा वाचली. मग पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काय करता?"

"रंग मिसळते."

"माझ्याकडे यायला हवं होतं तुम्ही दीड महिना आधी," त्या म्हणाल्या. "मी मात्रा बघत होते. घेताना कशी घेतात, ते विचारलंच नाही." त्यांनी वहिनीला गोळीवर परत नेलं नाही, पण घाईही केली नाही. काकांना औषध जास्त दाट पाकात, पूड पटकन बसणार नाही असं करायला सांगितलं, आणि पाच आठवडे रोज तेवढंच. कमी करणं बंद. "आधी शरीराला रोज सारखं मिळू दे. मग पुढचं पाऊल."

त्याच दिवशी नवी बाटली आली. हलवली की लगेच भरायची. बुडबुडा दिसला की वहिनी थबकायची, पण टिचकी मारायची आणि घ्यायची. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी थोडा घाम आला, तो तिने वहीत लिहून ठेवला. चौथ्या दिवशी मी दुकानात होते, एका बाईंना फिकट हिरवा मिळवून देत होते. फोन वाजला.

"काही होत नाहीये!" वहिनी इतक्या जोरात बोलली की बाईंनीही ऐकलं. "अगं, दुपारचे दोन वाजले आणि काही होत नाहीये! मी मालकाला विचारून मशीनवर बसलेय!"

"हात?"

"थोडेसे कापतात. पण माझे वाटतात."

मी हिरव्यात जास्तच पिवळा घातला. बाईंना तोच आवडला, त्या तोच घेऊन गेल्या.

पुढचं सगळं काही सोपं नव्हतं. पाच आठवड्यांनी पुन्हा कमी करायला सुरुवात झाली, आणि प्रत्येक वेळी दोन-चार वाईट दिवस यायचेच. एकदा डॉक्टरीणबाईंनी महिनाभर थांबवलंही. पण आता वाईट दिवस का आला ते कळत होतं, आणि तो जाणार हेही. वर्ष आणि वर दोन महिने लागले. औषध पूर्ण बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आमच्या दारात उभी होती, झोपून उठलेली, केस विस्कटलेले, गालावर उशीची खूण.

"सात तास," ती म्हणाली. "आणि स्वप्नात तुझ्याशी भांडले."

"कशावरून?"

"आठवत नाही. पण जिंकले मी."