माझ्या खिडकीत बसलेला नवा

"दोन्ही डोळे उघडे ठेवा. एकाने बघा, दुसऱ्याने चित्र काढा."

बाईंचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि माझं पितळ नवंकोरं.

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली पूर्वेची खिडकी ही माझी जागा. माझ्यात दिवा नाही, पायाशी लहानसा आरसा आहे. तो आकाशाकडे वळवला की उजेड माझ्या नळीतून चढायचा आणि कांद्याच्या पापुद्र्यात पेशींची घरं उभी राहायची, भिंतीला भिंत लावून. किती पापण्या माझ्या काचेला टेकल्या! त्यांची ऊब मला अजून आठवते.

मग तो आला.

कॉलेजांच्या क्रमवारीत वर चढायचं प्राचार्यांनी मनावर घेतलं होतं. महागड्या यंत्रांना गुण होते, म्हणून तो आला आणि थेट माझ्या खिडकीत बसला. पांढराशुभ्र, पोटात दिवा, दोन-दोन डोळे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कपाटावर चढवलं. जुनं सामान दिसलं तर तपासणीला येणारी समिती नाक मुरडते म्हणे.

पाहुणे आले की त्याचं पांघरूण निघे, फोटो निघे, पुन्हा पांघरूण. "तपासणीआधी ओरखडा नको," प्राचार्यांनी बजावलं होतं. मुलं भिंतीवरच्या पडद्यावर पेशींची चित्रं बघत. बाई शोधनिबंध लिहीत बसत, कारण निबंधांना गुण होते, शिकवण्याला नव्हते.

तो आला त्याच वर्षी एक बारीक आवाजाची मुलगी आली होती. सगळे तिला चिमणी म्हणत. शेवटच्या वर्षी ती बाईंपाशी आली.

"बाई, माझ्या मामाची रक्ततपासणीची लॅब आहे. तो म्हणतो, हात बसला असेल तरच ये. तिथे भाचीबिची कोणी नाही."

"खडूसच दिसतोय तुझा मामा."

"आहेच. पण बाई, एकदा तरी बसू द्या ना या नव्या सूक्ष्मदर्शकावर."

बाईंनी निबंधाचं पान उलटलं. "तपासणी होऊन जाऊ दे गं."

मला तिची दया यायला हवी होती. खरं सांगू? मला एवढंच दिसलं की ती त्याच्यापाशी उभी आहे. त्याचं नुसतं पांघरूण कुरवाळते आहे, आणि माझ्याकडे मान वर करूनही बघत नाही.

तपासणीच्या दिवशी समितीतले एक पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ नव्याजवळ थांबले. प्राचार्यांनी घाईघाईने काचपट्टी लावली. गृहस्थ आत डोकावले, मग मुलांत उभ्या असलेल्या चिमणीकडे वळले. "ये बाळ. पेशी दाखव बरं."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. "ही. काळ्या काठाची, गोल."

मित्रांनो, तो हवेचा बुडबुडा होता. काचेखाली हवा अडकली की तसा दिसतो. नवखी मुलं पहिल्या दिवशी त्यालाच पेशी समजतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवरच हसतात. चिमणीला तो पहिला दिवस मिळालाच नव्हता.

नवा हरला एकदाचा, म्हणून मला आतून गुदगुल्या झाल्या. पण गृहस्थांनी नुसतं "बुडबुडा आहे तो" म्हटलं, आणि पोरीची मान अशी खाली गेली की माझी काच धुरकटली. त्या नव्याच्या काचेलाही कधी कुणाच्या पापणीची ऊब लागली नव्हती. मी ज्याच्यावर जळत होतो, त्याच्याकडे होतं तरी काय? मित्रांनो, आम्हाला जपा, पण वापरून जपा. झाकून ठेवलेलं यंत्र आणि झाकून ठेवलेलं मूल, दोघंही आंधळीच राहतात.

"घाबरलीये ती," प्राचार्य हसून म्हणाले. "एरवी रोज यावरच काम करते. हो ना, बाई?"

बाईंनी चिमणीच्या पाठीवर हात ठेवला.

"नाही सर. तीन वर्षांत आपण तिला एकदाही याला हात लावू दिला नाही. आणि मी गप्प बसले."