शंभरातून सतरा

मी एक दमलेली मोटारगाडी आहे, मित्रांनो. रंगाने निळी. पण गोंडपिपरीच्या रस्त्याची धूळ आणि कोळशाच्या ट्रकांची काजळी अंगावर इतकी बसली आहे की तो निळा नेमका कसा होता, हे आता मलाही आठवावे लागते. बोलायला फारसा उत्साह उरलेला नाही. पण तुम्ही मुले येताजाता माझ्या काचेवर बोटाने ‘नापास’ लिहून पळता ना, ते नाव मला कसे पडले, तेवढे सांगते.

कारखान्यात आम्ही हजारो बहिणी एकाच साच्यातून निघालो. दारे तीच, दिवे तेच, डिकी तीच. बाकीच्या सरळ बाजारात गेल्या आणि आमच्यातल्या फक्त शंभर जणींना बाजूला काढले. आम्हाला जास्त ताकदीचे इंजिन दिले. भरवेगात वळताना अंग झुकू नये म्हणून ताठ स्प्रिंगा घातल्या आणि आम्हाला जमिनीलगत खाली आणले. टायर रुंद आणि चपटे. पुढच्या सीटा दोन्ही कडांनी उंच, बसणाऱ्याला गच्च धरणाऱ्या, लाल दोऱ्याने शिवलेल्या. सायलेन्सरचा आवाजसुद्धा मुद्दाम घुमता ठेवला. शेवटी गिअरजवळ एक चकचकीत पट्टी बसवली. माझ्या पट्टीवर कोरले होते, १७/१००. म्हणजे शंभर जणींमधली मी सतरावी, आणि एकशेएकावी कधी निघणार नव्हती. मला गर्व झाला होता. खोटे कशाला बोलू?

राजदीपने मला पुण्यात घेतले. गोंडपिपरीजवळच्या खेड्यातला हा मुलगा शिकून इंजिनिअर झालेला. त्याच्या घराण्यातली मी पहिली गाडी. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो मला मोठ्या रस्त्यावर काढायचा. रस्ता गुळगुळीत, मी ताठ, तो खूश. सिग्नलला थांबलो की लोक माझे फोटो काढायचे. माझे सुखाचे दिवस काय ते तेवढेच.

मग त्याची आई बायनाबाई आजारी पडली. तिची मूत्रपिंडे थकली होती. आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला जाऊन यंत्रावर रक्त धुवून घ्यावे लागे. गावातला मुखरू तिला आपल्या पांढऱ्या टॅक्सीतून न्यायचा. ती टॅक्सी म्हणजे माझी सख्खी बहीण, साच्यातून निघून सरळ बाजारात गेलेली. पुढे तिचे इंजिनच बसले. तेव्हा राजदीप घरून काम करायची परवानगी काढून गावी आला, आणि त्याच्याबरोबर मी.

अंगणात सगळी आळी जमली. बायनाबाईने जन्मभर अंगणवाडीत मुले सांभाळली होती. पोराच्या अभ्यासावर तिचा भारी जीव. राजदीपला गणितात दोन गुण कमी पडले तरी ती शाळेत जाऊन मास्तरांना विचारून यायची. तिने दारातून आत वाकून पट्टी वाचली आणि तिचा चेहराच उतरला.

“काऊन रे राजदीप, शंभरातून सतराच? तुले नापास गाडी देल्ली का रे त्यायनं?”

“माय, तो गाडीचा नंबर हाय.”

“मी बी तेच म्हणून राह्यली. सतराच नंबर पडले तिले!”

आमच्या भागात गुणांनाही नंबरच म्हणतात, आता राजदीप बिचारा काय समजावणार? अंगण पोट धरधरून हसले. त्या दिवसापासून गावात ‘नापास आली’ आणि ‘नापास गेली’.

मी नाक मुरडले. पण बायनाबाईचे फारसे चुकले नव्हते, हे रस्त्याने लवकरच शिकवले. गतिरोधक आला की पोट घासायचे. आणि खड्डा? माझ्या स्प्रिंगा त्याला जिरवत नव्हत्या, जसाच्या तसा सीटवर पोचवत होत्या. ज्या कडा वळणावर राजदीपला सावरायच्या, त्याच त्याच्या आईच्या हडकुळ्या कंबरेत रुतायच्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तो मोती मी होते. ती वाटभर खिडकीवरची मूठ घट्ट धरून बसायची.

“कशी वाटते माय गाडी?” राजदीप हौसेने विचारायचा.

“मस्त हाय बापू.”

ती खोटे बोलत होती. तिचे कण्हणे माझ्याच सीटवर होत होते, मला कळणार नाही तर कोणाला?

एका सकाळी ती पायरीवरच बसून राहिली. माझे दार उघडे होते. “मी नाई येत आता,” ती म्हणाली. “लय झालं.”

राजदीप किल्ली हातात घेऊन तिच्यापुढे आला. “नाई गेली त काय होईन, माहीत हाय ना तुले?”

“माहीत हाय.”

आई जगायलाच कंटाळली असे त्याला वाटले. एवढा मोठा मुलगा, अंगणात खाली बसून रडू लागला. ते मात्र तिला बघवेना.

“सुईचं नाई दुखत रे बापू,” ती हळूच म्हणाली. “तुह्या गाडीचं दुखते. रातभर कंबर ठणकते. तू एवढ्या हौसेनं घेतली, कसं सांगू तुले?”

राजदीपने मान वळवून माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावे तसे. त्या दिवशी मागच्या सीटवर गोधड्या अंथरून त्याने तिला बैलगाडीच्या चालीने नेऊन आणले, आणि दुसऱ्या दिवशी मुखरूचे घर गाठले. परसात माझी पांढरी बहीण उभी होती.

“इच्या स्प्रिंगा आन् पुढची सीट माह्या गाडीले लागते का, भाऊ?”

“लागन ना, एकाच जातीच्या हायेत. पण मंग तुह्या गाडीत काय राह्यलं? माह्या टॅक्सीसारखीच होईन ते.”

“तेच पाह्यजे मले,” राजदीप म्हणाला.

मला फार वाईट वाटले, मित्रांनो. ज्यासाठी मला शंभरात निवडले होते, ते एकेक करून जमिनीवर काढून ठेवले. लाल शिलाईच्या सीटवर आता मुखरूची कोंबडी बसते. तेल गळण्यापलीकडे गाडीला रडता येत नाही, नाहीतर रडले असते.

पुढच्या खेपेला बायनाबाई त्या विटक्या रेक्झिनच्या सीटवर बसली आणि सवयीने मूठ धरली. खड्डे आले, गेले. काही वेळाने माझ्या लक्षात आले की मुठीवर हात नाही. तो मांडीवर घसरला होता. ती झोपली होती, तोंड थोडे उघडे टाकून. राजदीप पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत होता आणि हळू चालवत होता. चंद्रपूर आल्यावर तिला हलवून उठवावे लागले.

“आलं बी?” ती म्हणाली. मग पट्टीवरची धूळ तिने पदराने पुसली. “राजदीप, इचे नंबर वाढव रे. पस्तीस त देऊन टाक. पास झाली.”

अजूनही आठवड्यातून दोनदा आम्ही जातो. ती दमलेली, मी दमलेली. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, त्यांना पुसाल, मिरवाल. खुशाल मिरवा. पण शेजारी बसलेल्याला विचारत जा, दुखते का म्हणून. तो ‘मस्त’ म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.

आणि माझ्या काचेवर लिहायचेच असेल, तर पस्तीस लिहा.