मागच्या फळीवरची जागा

जुलैची जोडसुट्टी आली की गाओने आणि बोइकान्यो लेखुबूला मुक्कामी जायच्या, हे पालाप्ये गावात सगळ्यांना पाठ झालं होतं. गाओने शाळेत सुतारकाम शिकवायची. आपल्या मोठ्या गाडीत मागे झोपायची सोय तिनं स्वतःच्या हातानं केली होती. मागची सीट आडवी पाडायची, पुढच्या दोन्ही सीटा पार पुढे सारायच्या, मधल्या खड्ड्यात पाण्याचे क्रेट बसवायचे आणि त्यावर बिजागरीची फळी उलगडायची. चाकांचे फुगवटे आत येतात तिथे गादी कापून बरोबर बसवलेली. काचा बोटभर खाली ठेवायच्या, म्हणजे श्वासाचं पाणी छताला धरत नाही. त्या फटींना जाळ्या, त्यावर पडदे. बोइकान्योचं काम एकच, वाटेत खायला मागविन्या, म्हणजे पिठाचे गोडसर गोळे, तळून आणायच्या आणि डावीकडे आडवं होऊन झोप लागेपर्यंत दवाखान्यातल्या गमती सांगायच्या. ती नर्स होती, आणि तिच्या गमतींना अंत नव्हता.

त्या वर्षी बोइकान्योनं फोन करून सांगितलं, की लारोनाही येतेय. लारोना तिच्याच दवाखान्यात नव्यानं आलेली औषधवाली. "तिची स्वतःची गाडी आहे गं, आपल्याला काही त्रास नाही," बोइकान्यो म्हणाली. गाओने बरं म्हणाली आणि फोन ठेवल्यावर उगाचच ओटा पुसत राहिली.

निघायच्या दिवशी पहाटे लारोनानं गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं, तेव्हा गाओनेनं वाकून आत पाहिलं. खाली सरकते खण, एकात भांडी, एकात शेगडी. खणांवर सपाट पलंग, वर जाड गादी आणि लोकरीची पांघरुणं. कडेला फ्रीज गुरगुरत होता. बोइकान्यो हरखून म्हणाली, "हे तर माझ्या घरापेक्षा बरं आहे." लारोना हसली. "कसं झालंय आउसी? तुम्ही जाणकार, तुम्ही सांगा." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती गाओनेला आउसी म्हणायची. गाओनेला वाटायचं, ही माझं वय काढते. वजन फार झालंय, एवढंच ती बोलली.

वाटेत लेतलाकाने गावात पेट्रोल भरल्यावर बोइकान्यो सहज म्हणाली, थोडा वेळ लारोनाबरोबर बसते, तिला रस्ता ठाऊक नाही. पुढचा सगळा रस्ता गाओनेनं आरशात त्या दोघींचं हसणं पाहिलं. मागविन्यांचा डबाही तिकडेच गेला होता.

दुपार कलताना लेखुबूचे खडक आणि त्यावरची जाडजूड बुंध्यांची बाओबाब झाडं दिसायला लागली. भोवती मिठाचं पांढरं मैदान, नजर पोचेल तिथवर. गाओनेनं नेहमीच्या झाडाखाली गाडी लावली, फळीवर पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितली, एका चाकाखाली दगड सारला. उशाची बाजू जराशी उंच हवी, नाहीतर सकाळी डोकं जड होतं. पूर्वी हे चाललेलं असताना बोइकान्यो शेजारी उभी राहून तिची टिंगल करायची. आज ती लारोनाच्या पलंगावर लोळत होती, आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "गाओने, मी आज इथेच झोपते हं. तुला पण ऐसपैस होईल."

गाओने म्हणाली, झोप की.

मग लारोनाला सुचलं, की आपली गाडी खाली मैदानात न्यावी. मागचं दार पूर्वेकडे केलं तर सकाळी ऊन थेट पांघरुणावर येईल. ती गाओनेपाशी आली आणि खडकाच्या कडेपलीकडे बोट करून विचारलं, "आउसी, तिथे उभी करू? जमीन घट्ट दिसतेय."

गाओनेनं त्या जागेकडे बघितलं. इतर पांढऱ्यापेक्षा ती जरा मळकट होती. वरची पापडी सुकलेली आणि खाली चिखल, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं चहाचा घोट घेतला.

"दिसते तर घट्टच," ती म्हणाली.

लारोनाची गाडी थोडी पुढे गेली आणि मागची चाकं रुतली. लारोनानं घाबरून जोर दिला, तशी चाकं गरगर फिरत अजून खाली गेली, आणि गाडी पोटावर टेकली. आतून बोइकान्योचं हसू ऐकू येत होतं, ते थांबलं.

मग सगळं सामान उतरवावं लागलं. फ्रीज, खण, शेगडी, पाण्याचे कॅन, गादी. गाओने सगळ्यात पुढे होती. पलंगाच्या फळ्या सोडवताना तिचा हात थांबला. लाकडं एकमेकांवर कुरकुरू नयेत म्हणून सांध्यासांध्यात लोकरीची पट्टी चिकटवली होती. एवढं तिला कधी सुचलं नव्हतं. आणि गादीखालून दोन उशा निघाल्या, एकीच्या खोळीवर रंगीत दोऱ्यानं बोइकान्योचं नाव काढलेलं. इतकी वर्षं बोइकान्यो आपला स्वेटर गुंडाळून डोक्याखाली घेत आली होती, आणि गाओनेच्या मनात उशी कधी आलीच नव्हती. तिनं ती उशी चिखलातच ठेवली आणि नंतर उचलली, तोवर तिला डाग पडला होता.

मुक्कामाच्या जागेची राखण करणारे केलेबोन्ये आपली जुनी गाडी आणि दोर घेऊन आले तेव्हा सूर्य टेकला होता. त्यांनी खड्डा बघितला, मान हलवली आणि गाओनेकडे वळले. "बाई, तुम्ही इथे असताना असं कसं झालं? मागच्या खेपेला त्या पाहुण्यांना तुम्हीच हात करून इथून परत फिरवलंत."

लारोना पलीकडे फळ्या गोळा करत होती, तिच्या कानावर ते गेलं नसावं. बोइकान्योनं मात्र ऐकलं. ती गाओनेला बाजूला घेऊन गेली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मी आत होते गं."

"म्हणूनच," गाओने म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिलाच त्याची भीती वाटली.

बोइकान्योनं तिचा धरलेला हात सोडला. मग म्हणाली, "लारोनाला मी सांगणार नाही. तुझं तू सांग."

दोर लावून ओढल्यावर गाडी निघाली, पण लारोनाची गादी आणि पांघरुणं खारट चिखलानं भिजली होती. जुलैतली थंडी, उघड्यावर झोपणं शक्य नव्हतं. कोरडं अंथरूण एकच, गाओनेचं, आणि त्यावर माणसं मावतात दोन. गाओनेनं निमूटपणे फळी झटकली, चादर ताणली, जाळ्या लावल्या आणि दोघींना आत पाठवलं. स्वतः पुढच्या सीटवर बसली. मागे फळी असल्यानं ती सीट तसूभरही मागे कलत नाही. कानटोपी ओढून ती ताठ बसून राहिली. मागे, हातभर अंतरावर, बोइकान्यो दवाखान्यातली एक गंमत हळू आवाजात सांगत होती. गाओनेला ती नवी होती. शेवट ऐकू आला नाही, दोघींचं दाबलेलं हसू तेवढं आलं. आपल्याच हातानं केलेली जागा, आपलीच गादी, आणि आपण बाहेरचे, असं तिला झालं, आणि डोळे गच्च मिटूनही ते काही जाईना.

सकाळी लारोना म्हणाली, इतकी छान झोप तिला कधीच लागली नव्हती. ती रागावली असती, तर गाओनेला ते एवढं जड गेलं नसतं.

परतताना लेतलाकानेच्या पेट्रोल पंपावर तिनं लारोनाला गाठलं. कालची जमीन कशी आहे ते ठाऊक होतं, तरी बोलले नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं. माफी मागितली. लारोनाचा चेहरा उतरला. बराच वेळ ती गाडीच्या दारावरचं सुकलेलं मीठ नखानं खरवडत होती.

"का?" तिनं विचारलं. पहिल्यांदाच आउसी म्हणाली नाही.

गाओनेनं टायरमध्ये हवा भरून घेणाऱ्या बोइकान्योकडे पाहिलं. लारोनानंही पाहिलं, आणि तिला कळलं.

"मागे सगळं नुसतं कोंबलंय," शेवटी लारोना म्हणाली. "खण बसत नाहीत. नीट लावून द्या."

गाओनेनं बाह्या वर केल्या. तिथेच पंपाच्या आवारात तिनं सगळं बाहेर काढलं, जड सामान तळाशी आणि पुढच्या चाकांकडे घेतलं, फळ्या पुसून खाचेत बसवल्या, उन्हात वाळलेली गादी अंथरली. काम फक्कड झालं. लारोनानं हात फिरवून पाहिलं आणि मान डोलावली, हसली मात्र नाही.

बोइकान्यो दोन्ही गाड्यांच्या मध्ये क्षणभर उभी राहिली. मग गाओनेच्या दंडावर थाप मारून म्हणाली, "घरी पोचलीस की फोन कर." आणि लारोनाच्या शेजारी जाऊन बसली.

गाओने पालाप्येपर्यंत त्यांच्या मागे राहिली. पुढे जायला रस्ता मोकळा होता, पण ती गेली नाही. पुढच्या गाडीच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. डावीकडचं मधूनमधून वळत होतं, हात हलवून काहीतरी सांगत होतं.